नन्नावरे सरांचे पाट

नन्नावरे सरांच्या जीपच्या टपावर कायम लाकडी पाट बांधलेले असायचे. जेवायला घेतात तेच. घुग्घुसला एका बाईने जीप थांबवून भाव विचारला, तेव्हा सर गंभीरपणे म्हणाले, "बसाचे आहेत बाई, विकाचे नाई."

सर चंद्रपूरचे. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना घरी जाऊन पाहायचे, त्यांचं दुखणं हलकं करायचे. आम्ही पुण्या-नागपुराकडचे तरुण कॅन्सर डॉक्टर पंधरा दिवस तेच शिकायला आलेलो. गाठीचं काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं. मरणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते बसायला. खाटेवरच्या माणसाहून खाली, पाटावर, मांडी घालून.

"उभा माणूस खरं बोलत नाई," हे त्यांचं ब्रीद.

माझ्यासोबतचा एक हुशार डॉक्टर कुरखेड्याच्या एका घरात दारातूनच मॉर्फिनच्या गोळ्या समजावू लागला. सर खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "थांबा बाबाजी, डॉक्टर अजून आले नाईत." म्हाताऱ्याने दाराबाहेर पाहिलं. आमच्या हुशार डॉक्टरनेही पाहिलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि कडक इस्त्रीच्या पँटीसकट तो खाली बसला.

"आले," सर म्हणाले. "बोला आता."

माझे गुडघे दोन दिवसांत बोलायला लागले. एवढं शिकून पाटावर बसायला आलेय, असं मी आईला फोनवर सांगितलं. आईला आनंदच झाला.

शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "वडस्याले चला. माह्या मोठ्या भावाले पाहाचं आहे." भाऊंना पोटाचा कॅन्सर. हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की पहिल्या रांगेत बसणारा माणूस आता खाटेला लागला होता. मी पाट मांडले. सर बसलेच नाहीत. दारापाशी उभे राहून औषधांच्या बाटल्या उलटसुलट करू लागले.

"अशोक, यंदाचे नाटकं पाहीन का मी?"

"ही गोळी जेवल्यावर घ्याची," सर म्हणाले.

भाऊ माझ्याकडे वळले. "कधीचा विचारून राह्यलो बाई. हा काऊन सांगत नाई?"

मला सरांची कीव आली, थोडा रागही आला. मी म्हटलं, "भाऊ, डॉक्टर अजून आले नाहीत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग आले, पाटावर बसले आणि भावाच्या पायावर हात ठेवला.

"नाई वाटत, भाऊ."

"हं," भाऊ म्हणाले. "मंग तसं सांग ना बे. रडू नोको आता. उद्या येशील?"

"येतो."

निघताना मी खाटेजवळचा पाट उचलायला वाकले.

"तो राहू द्या तिथीच," सर म्हणाले.