तीन माईकवाले बबनकाका

"माणूस एक आन् माईक तीन?" साउंडवाला वायरींचा गुंता सोडवताना पुटपुटला.

"दोघं येत्यात," बबनकाका म्हणाले. "वाटंत असतील."

ती दोघं कित्येक वर्षं वाटेतच आहेत.

बबनकाका भोरला आमच्या शेजारी राहतात. मूळचे विंझरचे. ते, धाकटा भाऊ रमेश आणि बहीण सुली यांचा ग्रुप होता, 'विंझर ब्रदर्स'. नावात बहीण कुठाय, असं विचारलं की काका म्हणायचे, "ब्रदर्समधीच हाय की!"

त्यांचं एकच गाणं चाललं, पण असं चाललं की विचारू नका. घाटात बंद पडलेल्या वरातीच्या जिपेचं ते गाणं प्रत्येक हळदीत वाजायचं, टेम्पोत वाजायचं, आमच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्येसुद्धा वाजायचं. रमेश विचारणार, वरात का थांबली. सुली उत्तर देणार आणि नवरदेवालाच जीप ढकलायला लावणार. मग काका ओरडणार, "हुईऽऽ!" काकांचं काम एवढंच.

या 'हुई'साठी काका भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळतात. दही खात नाहीत. सकाळी गॅलरीत रियाज करतात. समोरच्यांचा कुत्रा साथ देतो.

पुढची गाणी कुणी ऐकलीच नाहीत. रमेश पुण्यात कंपनीची बस चालवायला लागला. सुली उत्रोलीला दिली. आता तिलाच जावई आलाय, त्यामुळे तिला गाण्याची लाज वाटते. काका मात्र अजून सुपाऱ्या घेतात. नुसतं म्युझिक लावायचं, दोघांच्या ओळींना गप्प उभं राहायचं आणि आपली जागा आली की ओरडायचं. वेल्ह्यात मोबाईलच्या दुकानाच्या उद्घाटनाला लोकांना वाटलं, माईक बिघडला. एका बैलाच्या वाढदिवसाला बैल सोडून सगळे उठून गेले.

"तुम्हीच म्हणा ना सगळं," मी एकदा धीर करून सुचवलं होतं.

"ज्येची वळ त्येनं म्हनायची," काका म्हणाले. विषय संपला.

आजची हळद माझ्या आतेभावाची. तीही विंझरला, काकांच्या गावात. आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बबन आज गप ऱ्हायला तर सरळ डीजे लावनार. परत गावात कुनी बोलवायचं न्हाई त्येला."

काका माईक लावत होते. रमेशचा उंच ठेवला. तिसरा खाली घेत माझ्याकडे बघून म्हणाले, "सुली उंचीला तुझ्यायेवढीच." मग मोबाईल कानाला लावला, थोडं ऐकलं आणि खिशात टाकला.

"काय म्हणाल्या?"

"रेंज न्हाई म्हनली."

मी हसले. काका हसले नाहीत.

"समद्या वळी म्याच म्हनल्या," ते मफलर सोडत म्हणाले, "तर त्येंनी यायचं कशाला?"

म्युझिक सुरू झालं. रमेशची ओळ आली आणि मुकाट निघून गेली. मांडवात कुणीतरी खिदळलं. आत्याने डीजेवाल्याला हात केला. काका तिसऱ्या माईककडे बघत होते.

हळदीचं ताट हातात घेऊन मी तिथेच उभी होते. शाळेत हजेरीला माझा 'प्रेझेंट' बाईंना कधी ऐकू गेला नाही. पण तो माईक बरोबर माझ्या तोंडासमोर होता.

"नवरदेवा, उतर खाली," मी म्हटलं, "ढकल की जीप!"