टायटॅनियमवाले नाना

आमच्या गल्लीतले रामदास नाना कुणाला वय विचारत नाहीत, तास विचारतात. "कितला तास व्हयनात?" हे त्यांनी आमच्या मिक्सरबद्दल विचारलं आहे, पिठाच्या गिरणीबद्दल विचारलं आहे, आणि माझ्या मावशीला बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या आजोबांबद्दल, त्यांच्याच समोर. मावशीचं लग्न तरीही जमलं.

नानांचं धुळ्यात हायवेच्या कडेला गॅरेज आहे. तिथे रोजच्या गाड्याही येतात, पण नानांचा जीव रेसच्या मोटरसायकलींच्या इंजिनांत. रेसच्या गाडीचं आयुष्य किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी कॉमर्सची. आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिलीच, आणि इंजिनातलं मला आजही फार समजत नाही. जेवढं समजलं तेवढंच लिहिते.

इंजिनात उघडझाप करणारे व्हॉल्व्ह असतात. साध्या गाडीत ते स्टीलचे, नानांच्या रेसच्या गाडीत टायटॅनियमचे. ते हलके, त्यामुळे इंजिन जास्त फिरतं. त्यांच्यावर एक पातळ, कडक थर असतो. तो झिजला की आतला धातू भराभर खचतो.

"स्टील पहिले वरडस, मंग मरस," नाना म्हणतात. "टायटॅनियम बोलस नही. येक दिन डोकंच तुटी पडस."

हे ते लग्नाच्या पंगतीत सांगतात, दहाव्याला घाटावर सांगतात. एकदा सत्यनारायणाला भटजींना सांगत होते. भटजींनी शेवटी कथा थांबवली आणि म्हणाले, "नाना, आधी तुमचा अध्याय होऊ द्या."

एका ओळखीच्या मिस्त्रीने टायटॅनियमचे व्हॉल्व्ह स्टीलचे समजून पेस्ट लावून घासले होते. वरचा थर गेला. भर रेसमध्ये व्हॉल्व्ह तुटला, इंजिन जाम झालं, आणि गाडीवरचा मुलगा हवेत उडाला. तो आजही लंगडतो. त्या मिस्त्रीने चहा पाठवला की नाना तो ओतून टाकतात, कप मात्र धुऊन परत पाठवतात.

त्यांची घाबरण्याची पद्धत अशीच असावी. कारण नानांनी बांधलेली गाडी त्यांची मुलगी चालवते. वैशाली, माझी शाळेतली मैत्रीण. ती नाशिकला नोकरी करते आणि रेस असली की येते. आई गेल्यापासून घरात नाना एकटेच. वैशूची गाडी गॅरेजमध्ये चादर पांघरून असते.

प्रत्येक रेसच्या आधी नाना इंजिनचं झाकण उघडतात आणि व्हॉल्व्हच्या फटीत पातळ पोलादी पत्ती सरकवतात. फट कमी झाली म्हणजे व्हॉल्व्ह खचला. पत्ती किती अडकते, ते बोटांना कळावं लागतं. त्या वेळी नाना डोळे मिटतात आणि गॅरेजमध्ये कुणी शिंकायचंही नसतं.

मागच्या हिवाळ्यात मी डबा द्यायला गेले होते. नानांनी पत्ती सरकवली, काढली, परत सरकवली. मग माझ्या हातात दिली.

"देख बरं माय. अडकस का?"

मी सरकवून पाहिली. "थोडी अडकतेय, नाना. की नाही? मला नाही कळत."

"माले बी नही," ते म्हणाले. जरा वेळाने बोटं एकमेकांवर चोळत म्हणाले, "शुगरनं बोटं मेली. काही सांगतस नही आते."

"वैशूला सांगितलंत?"

"सांगसू त ती बसी का गाडीवर? गाडी सोडी दी आनि मनी सेवा करत बसी."

पुढच्या आठवड्यात गेले, तर जुने व्हॉल्व्ह ताटलीत काढून ठेवले होते आणि नाना स्टीलचे बसवत होते. "स्टील ट्रॅक्टरले," असं आयुष्यभर म्हणणारे नाना. मी ताटलीकडे बघत राहिले, तेव्हा ते त्यातला एक टायटॅनियमचा व्हॉल्व्ह उचलून म्हणाले, "याले रोज देखनारा लागस. मी नही देखाव त कोन देखी? हाई स्टील वरडी तरी. तिले आयकू यी."

रेस गावाबाहेरच्या मातीच्या मैदानावर होती. नेहमी पहिल्या दोनांत असणारी वैशू सहावी आली. हेल्मेट काढत ती सरळ नानांकडे आली.

"नाना, इंजिन पहिलेगत फिरत नही. काय करं तुम्ही?"

"गरमी शे," नाना म्हणाले. आम्ही सगळे स्वेटर घालून उभे होतो.

वैशू काही बोलणार होती, पण तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. बोलता बोलता नानांनी तापलेल्या सायलेन्सरला हात टेकवला होता आणि तो तसाच होता. तिने झटकन मनगट धरून ओढलं. तळव्यावर लालभडक चट्टा उठला होता.

"दुखत नही?"

नाना तळव्याकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मग हळूच म्हणाले, "नही ना बेटा."

वैशूने बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं, बाटली रिकामी होईपर्यंत. इंजिनबद्दल तिने पुन्हा विचारलं नाही.