निकम सर घर्षण सोडत नाहीत

निकम सरांनी आयुष्यात एकदाही घर्षण नगण्य मानलं नाही. पुस्तक म्हणायचं, 'पृष्ठभाग गुळगुळीत आहे, घर्षण नगण्य माना.' सर ते वाक्य खडूने खोडायचे. पुस्तकातलं वाक्य, आणि खडूने! पान पांढरं व्हायचं आणि सर लाल. "गुळगुळीत? अख्ख्या उधन्यात एक गुळगुळीत जागा दाखवा, मी नोकरी सोडतो!"

उधन्यात गुळगुळीत जागा नव्हतीच, त्यामुळे सर निवृत्त होईपर्यंत नोकरीत राहिले.

आमच्या बापांनी धुळ्याकडची गावं सोडली आणि सुरतेत, उधन्याला येऊन लूम चालवले. आम्ही पोरं मराठी शाळेत गेलो आणि निकम सरांच्या तावडीत सापडलो. सरही तिकडचेच, साक्रीकडचे. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी लूमच्या एका कारखान्याच्या माडीवर भौतिकशास्त्राची गणितं सोडवून घ्यायचे. खाली माग खडखडत असायचे, वर सर. त्यांनी "त्वरण!" म्हणून आवाज टाकला की खालचे कारागीर घाबरून माग बंद करायचे. त्यांना वाटायचं, शेठ आला. सूत्रं सांगायची ती शुद्ध मराठीत, आणि आमची अक्कल काढायची ती अहिराणीत. "डोकं शे का खोकं?" हे वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकलो असेन.

सरांची एक पद्धत होती. आधी दिलेलं काय ते लिहायचं, मग काढायचं काय ते लिहायचं, मग आकृती, आणि शेवटी जमलंच तर उत्तर. आकृतीशिवाय उत्तर बरोबर आलं तरी शून्य. त्यात 'एक वस्तू उतारावरून घसरत आहे' असं त्यांना चालायचं नाही. "वस्तू म्हणजे कोण? तिला नाव नाही? आईबाप नाहीत?" मग नाव द्यायला लागायचं, आणि ते कायम एकाच माणसाचं असायचं. पहिल्या बाकावरचा भिका. अंगाने भरलेला, त्यामुळे वस्तुमान शोभायचं. त्या वर्षी भिका प्रत्येक उतारावरून घसरला, प्रत्येक टॉवरवरून पडला, कप्पीला लटकला, आणि एकदा तर घनता काढायला त्याला केरोसिनमध्ये बुडवला. इतकं होऊन पोरगं दुसऱ्या दिवशी हसत हजर.

सवय इतकी लागली की दहावीच्या बोर्डाच्या पेपरातही आम्ही सगळ्यांनी लिहिलं, 'समजा भिका हा विराम अवस्थेतून खाली पडत आहे.' पेपर तपासणाऱ्याला घाम फुटला म्हणतात. एका अख्ख्या वर्गाच्या पेपरांत एकच माणूस टॉवरवरून पडतोय, आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच वेगाने! सामूहिक कॉपीची चौकशी लागली. शेवटी भिकाचा पेपर काढला. त्यात लिहिलं होतं, 'समजा मी टॉवरवरून पडलो.' त्याच्यावर आम्ही सगळे सुटलो.

विजेचं प्रकरण तर आमच्या गल्लीने पाहिलंय. गणपती मंडळाची रोषणाई सरांकडे दिली, हीच चूक झाली. वायरमन म्हणत होता, समांतर जोडा. सर म्हणाले, "समांतर सगळेच जोडतात, त्यातून पोरं काय शिकणार?" आणि त्यांनी यच्चयावत बल्ब एकसर जोडणीत जोडले. आरतीला बटण दाबलं. सगळे बल्ब काजव्यासारखे लुकलुकले. बाप्पाची सोंड कुठे आणि मोदक कुठे, कळेना. अध्यक्ष ओरडले, "सर, अंधार!" सर आनंदाने नाचत होते. "रोध वाढला, प्रवाह घटला! सिद्ध झालं!" तेवढ्यात कोपऱ्यातला एक बल्ब गेला आणि उरलेले सगळेच विझले. "हेही सिद्ध झालं!" अंधारातून आवाज आला. त्या रात्री आरती बॅटरीच्या उजेडात झाली. पण एकसर जोडणी आमच्यापैकी कुणी जन्मात विसरणार नाही. माझी आई चौथी शिकलेली, तीसुद्धा नाही.

आता ती माडी पाडून तिथे साड्यांचं गोडाऊन झालंय. शाळेतले मराठी वर्ग कमी होत होत संपले. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते, घरात गुजराती-हिंदीत भांडते. गणित अडलं की फोनने फोटो काढते, फोन पायऱ्यांसकट उत्तर देतो. मी एकदा डोकावून पाहिलं. फोनने सरळ घर्षण नगण्य मानलं होतं. आणि खाली पडत होती ती नुसती 'वस्तू'. मला तर भरूनच आलं.

म्हणून भिकाने जेव्हा जुन्या मुलांचं संमेलन काढलं, तेव्हा आम्ही सगळे तुटून पडलो. भिका आता साड्यांच्या धंद्यात मोठा माणूस आहे, वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढलंय. गोडादऱ्याला हॉल घेतला, खापरावरचे मांडे सांगितले. फक्त अडचण एकच. निकम सर कुठेच जात नव्हते. लग्नाला नाही, सत्काराला नाही. मागे दोनदा बोलावलं होतं. एकदा म्हणाले, गरनाळ्यात पाणी भरलंय. गरनाळं म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, तिथे पाणी भरतं खरं, पण हे उत्तर जानेवारीतलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "स्थिर वस्तू स्थिरच राहते. बाह्य बल लागतं."

"सर नसतील तर मांडे कुणाच्या घशाखाली उतरणार?" भिका फोनवर म्हणाला. खरं तर त्याच्या घशाखाली काहीही उतरतं, पण आवाज रडवेला होता. मी ग्रुपवर जाहीर केलं, सरांना आणलं नाही तर मिशी उतरवीन. माझी मिशी उधना ते उमरगामपर्यंत प्रसिद्ध आहे.

मे महिन्यातली, संमेलनाच्या दिवसाची दुपार. गटाराच्या खोदकामामुळे रिक्षा गल्लीत जाईना, म्हणून तोंडाशीच थांबवली आणि सरांचं दार वाजवलं. सर बनियनवर होते.

"सर, बाह्य बल आलंय. चला."

"अरे दिल्या, पाणी पी. सरबत घे. आणि जा."

आतून काकूंचा, सरांच्या बायकोचा, आवाज आला, "जाई या ना तुम्ही! मी काय पयी जासू का?"

काकू कुठे पळून जाणार होत्या, पण सर जागचे हलले नाहीत. काकू बाहेर येऊन खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "हाई देख," आणि लुगडं घोट्यापर्यंत वर केलं. डाव्या पायावर भाजल्याचा मोठा डाग होता, कातडी चुरगळलेल्या कागदासारखी. साखरेच्या आजाराने काकूंचे पाय बधिर झाले होते. दोन वर्षांपूर्वी सर कुठल्याशा शाळेत बक्षीस वाटायला गेले. मागे काकूंनी अंघोळीचं पाणी स्वतःच घेतलं, उकळतं. "माले काहीच कळनं नही. भजन म्हणत पाणी ओतत होते. डोळ्यांनी दिसलं तेव्हा समजलं."

तेव्हापासून सर घराबाहेर नाहीत. पाणी तेच काढतात, आणि हात नाही, कोपर बुडवून बघतात, तान्ह्या बाळाला घालतात तसं. गॅसजवळ तेच. दुपारी दारातल्या ओट्यावर ऊन आलं की काकूंना आत बसवतात.

"पायाला चटका कळत नाही," सर हळू म्हणाले, "मग तो दुसऱ्या कुणाला तरी कळायला हवा ना."

 मिशी गेली तर गेली, म्हटलं. मग डोकं चाललं. "काकू, तुम्हीपण चला की!"

"ती येत नाही," सर म्हणाले. "चप्पल निसटते रस्त्यात. तिला कळत नाही, आणि लोक बघतात."

काकू खाली मान घालून बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "भिक्या येणार शे का?"

"जेवण त्याचंच आहे काकू."

"तो भाकरी मोजत नसे. माझ्या हातची पोटभर खायचा." त्या उठल्या. "मीबी येस."

सर दचकले. कपाटातून शर्ट काढून त्यांनी बनियनवर चढवला. काकूंचं लुगडं त्यांनीच मागून सारखं केलं.

आम्ही निघालो. रस्ता तव्यासारखा तापलेला. काकू मध्ये, मी एका बाजूला, सर अर्धं पाऊल मागे, खाली बघत. काकू खूप दिवसांनी बाहेर पडल्या होत्या, त्यांचं तोंड थांबत नव्हतं. भिका एकदा त्यांच्याकडे जेवायला बसला होता, त्याची गोष्ट सुरू होती. रिक्षा दिसू लागली आणि त्यांच्या डाव्या पायातली चप्पल मागे राहिली. त्या तशाच दोन पावलं पुढे गेल्या, बोलत.

मी तोंड उघडणार होतो. सरांनी नजरेनेच थांबवलं.

"थांब गं जरा," ते म्हणाले, "मला दम लागलाय."

काकूंना त्यांनी भिंतीच्या सावलीत घेतलं. चप्पल उचलली, खाली बसले. आधी त्या सावलीतल्या जमिनीवर आपला तळहात टेकवून पाहिला. मग काकूंचा पाय उचलून मांडीवर घेतला, तळवा झाडला, उलटसुलट करून नीट पाहिला, आणि चप्पल घातली. तोल जाऊ नये म्हणून काकूंनी हात सरांच्या टकलावर ठेवला होता. त्या माझ्याकडेच बघत होत्या, गोष्ट तुटू न देता.

"...आणि मग ताटातलं सगळं संपल्यावर भिक्यानं काय केलं, माहिती शे?"

सर खाली बसलेलेच म्हणाले, "काय केलं?"