हणमंतरावांची रिकामी ओळ

‘दुसऱ्या परिच्छेदाने एक पाऊल मागे यावे.’

ही कवायत नाही. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेच्या प्रुफातली दुरुस्ती आहे, आणि ती हणमंतराव शितोळ्यांची आहे. इतर लोक प्रुफात चुका दाखवतात. हणमंतराव हुकूम सोडतात. ‘या स्वल्पविरामाने रजेवर जावे.’ ‘अध्यक्षांचा फोटो ताठ उभा करावा.’ मंडळाचे अध्यक्ष ते स्वतःच, आणि फोटोत ते खुर्चीवर बसलेले आहेत.

त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. खुद्द हणमंतरावांनी सगळी नोकरी शहराबाहेर, बाजव्याच्या बाजूला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काढली. पण बोलणं ऐकाल तर वाटेल, काल संध्याकाळीच घोड्यावरून उतरलेत. चहा गार आला तरी, “फौजेत हे चाललं नसतं, शेठ!” मी एकदा विचारलं, “कोणत्या फौजेत?” तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू किल्ल्याचा दरवाजा मीच शत्रूला उघडून दिला होता.

मला या माणसाचा राग आहे आणि तो लपवायची गरज मला वाटत नाही. दुसऱ्यांच्या छापखान्यात कागदाची रिमं उचलता उचलता मी दांडिया बाजारात स्वतःचा छापखाना काढला. भाव करताना मी अर्ध्या पायऱ्या उतरतो, तेव्हा कागदाचे व्यापारी मागून हाका मारत येतात. त्या मला हणमंतरावांनी गंडवलं. मी सांगितलेला भाव त्यांनी मुकाट्याने मान्य केला. उठता उठता फक्त म्हणाले, “एकच अट. माझं समाधान होईपर्यंत प्रुफं द्यायची.” मी खुशीत हात पुढे केला. गिऱ्हाइकाने घासाघीस केली नाही की माझी अक्कल जरा ढिली पडते.

समाधान! एवढ्या वयात ते यांच्या घरी एकदाही मुक्कामाला आलेलं नसावं.

त्यात नातीने त्यांना फोनवर पीडीएफमध्ये खुणा करायला शिकवलं. त्या मुलीचं भलं होवो, पण कुठेतरी लांब होवो. पूर्वी हा माणूस पेन सापडेपर्यंत तरी गप्प असायचा. आता भाजी घेता घेता सुद्धा हुकूम सुटतात. प्रूफ गेलं की लाल होऊन परत. स्वतःच्या नावाआधीचं ‘श्री.’ खोडून ‘श्रीमंत’ केलं, मग ‘श्रीमंत’ खोडून पुन्हा ‘श्री.’. ‘घरातून विरोध झाला,’ अशी टीपही बाजूला होती.

पानं लावायला माझ्याकडे हेतल ही गुजराती मुलगी आहे. ती या खुणा पीडीएफमधून सरळ पानाच्या फाइलमध्ये ओढून घेते आणि एकेक मंजूर करते. शब्द बदलतो, खोडलेला जातो, दिसायला सगळं स्वच्छ. पण खुणेच्या जागी कधीकधी एक न दिसणारं चिन्ह मागे राहतं. ते छापून येत नाही, तरी कॉम्प्युटर त्याला अक्षरासारखी जागा देतो. मग ओळी फुटतात, मजकूर खाली सरकतो आणि शिव्या मी खातो.

छपाईच्या दिवशी सकाळी तेच झालं. आभाराच्या पानावर मजकुराच्या तळाशी एक रिकामी ओळ होती, आणि तिच्या धक्क्याने खालची मिठाईवाल्याची जाहिरात पुढच्या पानावर गेली होती. उत्सव दारात, मशीन थांबलेलं.

“शेठ, आ जुओ ने, हे बघा!” हेतल म्हणाली आणि तिने लपलेली चिन्हं दाखवायचं बटण दाबलं. पानाला गोवर आल्यासारखे निळे ठिपके उमटले. इतरत्र तुरळक, त्या रिकाम्या ओळीत मात्र नुसता बुजबुजाट.

“काका इथे कायतरी लिहितात ने पाछुं काढून टाकतात,” ती म्हणाली. “दर वखते.”

“जुनी प्रुफं उघड,” मी म्हणालो.

एका प्रुफात तिथे लिहिलं होतं, ‘मखर : माधव शितोळे’. पुढच्यात ते खोडलेलं. त्याच्या पुढच्यात पुन्हा लिहिलेलं. मग पुन्हा खोडलेलं. कालच्या प्रुफापर्यंत हेच.

माधव हा त्यांचा धाकटा भाऊ. सुताराच्या तोडीचा हात. काही वर्षांपूर्वी त्याने मंडळासाठी लाकडी मखर केलं आणि आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर हणमंतराव म्हणाले, “हे मखर आहे की चहाची टपरी?” माधवने हातोडी खाली ठेवली आणि निघून गेला. तो राहतो प्रतापनगरला. स्कूटरवर दहा मिनिटं. तेव्हापासून बोलणं नाही. मंडळ मात्र अजून तेच मखर वापरतं. दर वर्षी त्याला रंग देतात ते हणमंतराव, आणि दुसऱ्या कुणाला ब्रश लावू देत नाहीत.

त्यांना बोलावून घेतलं. शिव्या सकाळपासून तयार होत्या.

“काय खोळंबा आहे, शेठ? फौजेत—”

“फौज राहू द्या. तुमची ही रिकामी ओळ जाहिरातीला खाली ढकलते. मशीन अडलंय.”

“मग उडवा ती.”

“उडत नाही.”

हेतलने चमकून माझ्याकडे पाहिलं. ती चिन्हं पुसायला तिला दोन मिनिटंही लागली नसती. मी डोळे वटारले.

“तुम्ही इतक्या वेळा खोडलंय की सॉफ्टवेअर आता ऐकत नाही,” मी म्हणालो. “जाहिरात लहान करतो, पण ही ओळ भरावी लागेल. एखादं नाव घाला. मखराचं म्हणा, कशाचं म्हणा.”

हणमंतराव पडद्याजवळ वाकले. ठिपके अजून तसेच होते.

“म्हणजे… सॉफ्टवेअरचा हुकूम आहे?”

“हुकूमच.”

“मग इलाज नाही.” ते उठले, सदरा खाली ओढून सरळ केला. “हुकूम म्हटल्यावर पाळायलाच हवा.” आणि चहा न घेता गेले. जाताना चपला उलट्या पायांत घालत होते.

त्या ओळीत माधवचं नाव घालून पाठवलेलं शेवटचं प्रूफ दुपारी परत आलं. पहिल्यांदाच त्यात लाल काही नव्हतं. फक्त तळाच्या ओळीपाशी एक टीप होती : ‘माधवच्या आधी श्री. लावता येईल का?’

हेतलने ती वाचली, पुन्हा वाचली आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“शेठ,” ती म्हणाली, “काका पूछे छे!”