बंडीला लावलेला आरसा

त्या दिवशी अमरावतीच्या बाजारात वांगी विकून आम्ही परत येत होतो. वाटेतल्या कडुनिंबाखाली गिरजानं बैलबंडी थांबवायला लावली, तांब्या घेऊन खाली उतरली आणि दोन्ही बैलांच्या कपाळावर पाणी ओतलं. पाजलं नाही, ओतलं. मी म्हटलं, आधी पाज तरी.

"पाजू मंग. इंजिन थंड होऊ द्या. कंपनीत असंच करतात."

मग तिनं बंडीच्या पुढचा आरसा थुंकी लावून पदरानं पुसला आणि मागं रिकाम्या टोपल्यांत जाऊन बसली. रोजचंच होतं. पण आम्ही दोघांनी मिळून केलेलं रोजचं असं ते शेवटचंच, म्हणून आधी लिहून ठेवलं.

गिरजा माझी बायको. आम्ही माळी, दर्यापूरच्या रस्त्याला आमचा मळा. तिचा बाप मात्र अकोल्याला एका कापसाच्या जिनवाल्या शेटजीचा मोटार डायवर. शेटजीची मोटार थेट अमेरिकेची. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. मी चार यत्ता शिकलेला माणूस, ते नाव माझ्या तोंडात कधी बसलं नाही, आणि चुकीचं लिहिलं तर गिरजा वरूनही ऐकवील. ती नुसतं 'कंपनी' म्हणायची, दुसऱ्या बायका 'माहेर' म्हणतात तसं.

मुंबईहून मोटार पोचवायला आलेल्या माणसानं तिच्या बापाला एक गोष्ट सांगितली होती. बापानं मोटार पुसता पुसता ती पोरीला सांगितली, आणि पोरीनं मला जन्मभर. अमेरिकेत विटा बसवलेल्या गोल रस्त्यावर मोटारींची शर्यत लागली. प्रत्येक मोटारीत डायवरशेजारी एक माणूस, मागून कोण येतंय ते सांगायला. आमच्या कंपनीची गाडी पिवळीधमक, मागून गांधीलमाशीसारखी निमुळती. तिच्यात डायवर एकटाच. माणसाच्या जागी एक आरसा. बाकीचे ओरडले, हे चालणार नाही म्हणून. आणि आली कोण पहिली? तीच.

सत्यनारायणाच्या कथेपेक्षा ही कथा मी जास्त वेळा ऐकली. सत्यनारायणाला शेवटी प्रसाद तरी मिळतो.

आमच्या लग्नाला शेटजीनं ती मोटार दिली होती. नवरी मोटारीतून सासरी येणार म्हणून सगळं गाव रस्त्याला लागलं. गावाच्या अलीकडं कोणाच्या तरी मोटेचं पाणी पाट फुटून रस्त्यावर आलेलं. काळी माती. मोटार जी रुतली ती पुढंही जाईना, मागंही येईना. सासरा चाकाला शिव्या घालत होता, नवरी आत बसून मातीला. शेवटी मी बाशिंग काढून करवलीच्या हातात दिलं, घरून बैल आणले, दोर बांधला आणि अमेरिकेची मोटार गावात ओढत आणली. भांडण झालं की मी ते काढायचो.

"अमेरिकेत जिंकली असंल तुही कंपनी. माह्या गावात माहे बैल जिंकले."

"तुमच्या रस्त्याचा दोष हाय तो. गाडीले नावं ठेवू नका."

बैलांची नावं मी ढवळ्या आणि चांद्या ठेवली होती. ती त्यांना पयला शिलिंडर, दुसरा शिलिंडर म्हणायची. ढवळ्या म्हातारा झाला, चालता चालता थबकायचा, तर म्हणे पयला शिलिंडर मिसफायर करून राहिला. एकदा नांदगाव खंडेश्वरकडं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहायला गेलो. बैल सुटायच्या आधी ही बाई थेट हाकणाऱ्यापाशी गेली आणि आरसा लाव म्हणाली, मागची जोडी दिसंल. तो म्हणाला, "मावशी, मागचे पाह्याले म्या बैल नाई जुंपले." सगळा पट हसला. घरी आल्यावर म्हणाली, त्याची जोडी हरली ते पायलं ना?

मग एक दिवस सासऱ्याचा निरोप आला, कंपनी बुडाली. तिकडं अमेरिकेत कारखाना बंद पडला, आता सुटे भाग यायचे नाहीत. गिरजा विहिरीवर गेली आणि लुगड्यासकट अंघोळ केली, लांबचं कोणी गेल्याचं कळल्यावर करतात तशी. शेजारीण धावत आली. कोण गेलं हो? "कंपनी गेली," गिरजा म्हणाली. शेजारणीला वाटलं चुलती असेल. तिनंही दोन टिपं गाळली आणि हिच्या घरी चूल पेटणार नाही म्हणून भाकरी पाठवल्या. मी खाल्ल्या.

पुढं शेटजीनं मोटार भंगारात काढली. सासऱ्यानं तिचा आरसा तेवढा ठेवून घेतला आणि लेकीला दिला. तिनं तो लोहाराकडून बंडीच्या पुढच्या उभ्या दांड्याला बोल्टनं बसवून घेतला. बाजारात माळणी विचारायच्या, "काहून वं गिरजाबाई, तुमचे वांगे नटूनथटून येते काय?"

हसू देत. माझं म्हणणं वेगळं होतं. आरसा मागचा रस्ता पाहायला असतो, आणि हा आरसा रस्ता दाखवतच नव्हता. मी पुढं बसून पाहिलं की त्यात एक टोपलं आणि हिचं कुंकू. वळवायला हात नेला की मागून आवाज यायचा.

"हात नका लावू. आरसा बरोबर हाय. कंपनीच्या हिशोबानं बसवला."

आणखी एक खोड होती. बापाला इंजिनाच्या आवाजावरून बिघाड समजायचा, तसा आपल्यालाही समजतो म्हणायची. मी पुढं तोंड करून हाकत असायचो, पाठ तिच्याकडं. मागून एकदम विचारायची, दाढ दुखून राहिली ना, डावीकडची? दुखत असायची. त्या अडत्याचा राग बैलावर काढू नका. राग असायचा. मी विचारलं, तुले कसं समजते?

"आवाजावरून. गाडीले सहा शिलिंडर होते. तुमाले एकच. त्यात काय समजाचं?"

आमच्या पोरीला अकोल्याला सासरी सोडून परत येत होतो तेव्हाची गोष्ट. मी गप्प होतो. शिंकलोसुद्धा नव्हतो. अर्ध्या वाटेत मागून म्हणाली, "पुसा आता. पोरगी अकोल्याले गेली, अमेरिकेले नाई." मला नवल वाटलं. डोळ्यांतल्या पाण्याचा कुठं आवाज होतो? पण बाईचा कान तिखट आहे म्हटलं आणि पुसले.

तर त्या दिवशी कडुनिंबापासून निघालो. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं, मागं कोळशाची भट्टी बांधलेल्या लॉऱ्या धावायच्या. तशीच एक लॉरी मागून कधी आली कळलं नाही. कानाशी भोंगा वाजला, बैल बुजले, बंडीचं एक चाक नाल्यात. लागलं कोणाला नाही. टोपली मात्र रस्ताभर गडगडली. लॉरीवाला शिव्या देऊन गेला, तो गेल्यावर मी आरशाला दिल्या.

"अमेरिकेत यानं शर्यत जिंकली, अन् इथं यवढी मोठी लॉरी दिसत नाई. उद्या सकाळी पाना घेतो अन् काढून फेकतो."

मला वाटलं आता कंपनीची कथा सुरू होईल. पण ती टोपली गोळा करत राहिली. सगळी जमल्यावर म्हणाली, "काढा. मंग मी बंडीत बसनार नाई. मी आपली पायी चालीन."

"पायी काहून? बसाले का होते?"

"मागं बसून तुमची पाठ पाहू काय?"

मी बैल हाकले. बायकांच्या बोलण्याचा मी कधी फार कीस काढला नाही.

घरी आलो, भाकर खाल्ली. छाती जड वाटते म्हणून ती ओसरीवर पडली. मी बैलांना कडबा टाकून आलो तेवढ्यात संपलं होतं. इंजिन थंड, असं तिनंच म्हटलं असतं. दिवस बुडायच्या आत सगळं आटोपून लोक आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला निघालो. माझा धाकटा भाऊ सोपान म्हणाला, दादा, मी हाकतो, तुमी मागं बसा. मी मागं बसलो, तिच्या जागी. जवळ मडकं होतं आणि पाना होता. काढतो म्हटलं होतं, आणि मी बोललेलं सोडत नाही.

थोडं पुढं गेल्यावर वर पाहिलं. आरशात सोपानचं तोंड होतं. सगळं तोंड, कपाळापासून हनुवटीपर्यंत. न केलेली दाढी, गालात धरलेला तंबाखू. मी त्याच्या पाठीमागं आहे म्हणून बिनधास्त रडत होता, आवाज न करता. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

मी म्हटलं, "सोपान, पूस."

तो मागं वळला नाही. बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "तुमाले कसं समजलं, दादा?"

माझ्या तोंडून निघालं, "आवाजावरून."

नदी आली तसा मी मडकं घेऊन खाली उतरलो.

राख सावडली. अस्थी मडक्यात भरल्या. बंडीपाशी येऊन मी पाना घेतला. सोपान म्हणाला, राहू द्या दादा, घरी गेल्यावर मी काढून देतो. लॉरीच्या हिसक्यानं बोल्ट थोडा ढिला झाला होता. मी एका हातानं आरसा होता तसा धरला आणि बोल्ट आवळला. आणखी आवळायला जागा राहिली नाही तेव्हा सोडला.

मडकं मागं टोपल्यात ठेवलं. कासरा घेऊन मी पुढं बसलो. सोपान मागं चढायला लागला.

मी त्याला म्हटलं, "तू पायी चाल."