बुधवारचा उपास

गजेंद्र लग्नानंतर पहिल्यांदाच सासरी, वरवट बकालला मुक्कामी आला आणि त्यानं चप्पल काढेपर्यंत सासऱ्यांनी ग्लास पुढे केला. हिंमतराव म्हणजे गावातला नावाजलेला पाजणारा माणूस. जावई कोरडा राहिला तर इज्जतच गेली. आत मटण रटरटत होतं.

इकडे गजेंद्रच्या बॅगेत, मोज्यांच्या खाली, उदासीवरच्या गोळ्या. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं, "गोळी चालू आहे तोवर दारू नाही, अन् मला विचारल्याशिवाय दुसरं औषधही नाही. खोकल्याचंसुद्धा." हे फक्त बायकोला, सुवर्णाला ठाऊक. सासरी कळलं तर म्हणतील, पोरगी येड्याले देल्ली. त्याला घोर एवढाच.

"मामा, मला खोकला झालाय," असं म्हणून तो पुराव्यादाखल खोकला.

झालं. सासूबाई, रुखमाबाई, खोकल्याची बाटली अन् चमचा घेऊनच बाहेर आल्या. "आ करा, जवाईबापू."

चमचा ओठाशी टेकला. "नको मामी, माझा उपास आहे आज."

"आज? बुधवारी?"

"बुधाचाच. ग्रहाचा."

"औषधबी नाही चालत?"

"लय कडक असतो."

दारात सुवर्णानं कपाळाला हात लावला. मटणाचं ताट आल्या पावली परत गेलं आणि पुढ्यात भगर आली. मटणाचा वास मात्र गेला नाही, तो नाकासमोर मांडी घालून बसला.

हिंमतराव काही हटेनात. "बरं, पेऊ नका. माह्या ग्लासाले नुसते ओठ लावा. थो गोकुळ समोरच्या ओट्यावरून पाहून राह्यला. सकाळी गावभर सांगते."

गजेंद्रनं श्वास रोखून ग्लास तोंडाशी नेला. शेवटी श्वास घ्यावाच लागला.

"मामा, हा तर कोरा चहा आहे."

"हळू बोला." हिंमतराव कानाशी वाकले. "कशातच मन लागे ना माहं. अकोल्याच्या डॉक्टरनं गोळी देल्ली अन् दारू बंद केली. गावाले कळलं तं म्हनतीन, हिंमतरावचं डोकं फिरलं. तुमी पेले असते तं माह्याकडं कोन पाह्यलं असतं?"

 गजेंद्रनं बॅग ओढली, मोजे बाजूला सारले आणि गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. हिंमतरावांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं. "मंग इतका वेळ मले काऊन खोकून दाखोलं?"

तेवढ्यात रुखमाबाई किटली घेऊन आल्या. "घ्या, दुसरा पेग. जवाईबापू, बुधाले चहा चालते का?"

"मामी, उपास सोडला मी. मटणच आणा."

रुखमाबाईंचा चेहरा पडला. "आता कुठचं? जवाई उपाशी अन् आपुन कसं खावं, म्हनून पातेलंच्या पातेलं गोकुळच्या घरी धाडलं."

समोरच्या ओट्यावर गोकुळ नळी चोखत होता. त्यानं खुशीत हात वर केला. सासऱ्या-जावयांनी कोऱ्या चहाचे ग्लास वर केले आणि भगरीचं ताट मध्ये ओढलं.