अकरा ते एक

बिराजदार अण्णांना भेटायचं असेल तर अकरा ते एक या वेळात त्यांच्या खिडकीपुढे रांगेत उभं राहावं लागतं. रांगेत बहुतेक वेळा मी एकटीच असते. तरी अण्णा मान खाली घालून काहीतरी लिहीत राहतात आणि थोड्या वेळानं म्हणतात, "पुढचे."

मग मी पुढे होते.

सात रस्त्याच्या मागच्या बोळात त्यांचं घर माझ्या घरासमोर आहे. अण्णा एका कॉलेजात कारकून होते. परीक्षेचे अर्ज घ्यायची खिडकी त्यांची. रिटायर झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावलं आणि घराच्या खिडकीला वरखाली सरकणारी फळी बसवून घेतली. बायको गेल्यापासून दार ते स्वतः बाहेर जाण्यापुरतंच उघडतात. दुधाची पिशवी, लाईट बिल, लग्नाची पत्रिका, सगळं खिडकीतून. एक वाजला की फळी खाली. "आयतु!" कानडीत झालं, संपलं. एकदा एक वाजून दोन मिनिटांनी गल्लीतलं नवं जोडपं पाया पडायला आलं, तर आतून आवाज आला, "उद्या अकराला या. दोघांनी या. एकाचा नमस्कार धरला जाणार न्हाय."

मी कडक भाकऱ्या करून विकते. रोज दोन त्यांना देते. त्यावर ते 'आवक' असा शिक्का मारलेली पोच देतात. माझ्या घरी अशा पोचांचा डबा भरला आहे. शिक्का ऑफिसातून मोडीत निघालेला, त्यांना नोकरी लागली त्या काळातला. त्यात फिरवायची सालं कधीच संपली. म्हणून अण्णा दिवस आणि महिना शिक्क्यानं उठवतात, जुनं साल खोडतात आणि चालू साल पेनानं लिहितात. ते झाल्याशिवाय भाकरीला हात लावत नाहीत.

पण त्यांचं खरं काम वेगळंच. कॉलेजातून शिकून गेलेली मुलं सध्या काय करतात, याचा अंक ते वर्षातून दोनदा काढतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. मुलांचे मोबाईलवर ग्रुप आहेत, तिथं सगळ्यांना सगळ्यांचं कळतं. अण्णांना ते मान्य नाही. "मोबाईलवरचं तोंडी असतंय की, तंगी. लेखी पायजे." तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्यांचा हात थरथरतो म्हणून अंक मी लिहिते आणि सात रस्त्यावरून झेरॉक्स काढून आणते. माझी शाळा चौथीत सुटली, पण अक्षर सुटलं नाही. एवढ्या पदवीधरांच्या बातम्या मी लिहिते, आणि त्यातली निम्मी कामं काय असतात ते मला कळत नाही. अण्णा म्हणतात, त्यांनाही कळत नसेल.

माहिती ठरलेल्या नमुन्यात लागते. नाव, वर्ग, साल, सध्या काय करता, सही. अमेरिकेतल्या एका मोठ्या साहेबानं सही केली नव्हती. अण्णांनी अर्ज 'त्रुटी' लिहून परत पाठवला. महिन्याभरात सही आली, सोबत माफीचं पत्रसुद्धा. पोरगा इथं असताना हॉलतिकीट विसरायचा. अमेरिकेत बसूनही त्याची भीती गेली नव्हती.

इतक्या वर्षांत लिहून लिहून मला एक कळलं. जुन्या काळचे लोक गुडघे कळवतात. दोन्ही बदलले, एक मुलगा कॅनडात, एक दुबईत, आम्ही मजेत. त्यांच्या नंतरचे फ्लॅट कळवतात, पुण्यात कुठं आणि कितव्या मजल्यावर. अलीकडची पोरं नुसती हुद्दे कळवतात. एकानं लिहिलं होतं, लाइफ कोच.

"म्हणजे काय अण्णा?"

"लोकांना जगायला शिकवतोय म्हणे."

"वय?"

"सव्वीस." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "तीनदा नापास झालाय. लिही, शिकवणी घेतो."

'झोनल हेड'ला ते 'फिरतीची नोकरी' करायचे. 'उद्योजक' आलं की विचारायचे, दुकान कशाचं? आणि 'मजेत' आलं की मात्र काही बदलायचे नाहीत. "राहू दे. मजेत लिहिणाऱ्याच्या घरी कुणी नसतंय."

प्रत्येक अंकात शेवटची ओळ ठरलेली. 'कु. शालन नवले, जेऊर. माहिती आली नाही.'

"ही कोण, अण्णा?" मी एकदा धीर करून विचारलं.

"आयतु," म्हणाले, आणि साडेबाराला फळी खाली ओढली. साडेबाराला! मी घरी जाऊन घड्याळ हलवून पाहिलं.

पुढं अण्णा थंडीतापात पडले तेव्हा मी खिडकीतून पेज दिली, तर आपणहून बोलले. "शेवटची तारीख होती. लेट फीचीसुद्धा. पोरगी एक वाजून पाच मिनिटांनी आली, पळत. अर्ज हातात. मी म्हटलं, वेळ संपली. ती फळीवर थापा मारत राहिली आणि मी डबा खात बसलो." मग पेजेची वाटी परत सरकवत म्हणाले, "दोडका होता."

तिची परीक्षा बुडाली. ती परत कॉलेजात आली नाही. अण्णांनी मागून पत्रं पाठवली, तीही परत आली. ही पदवीधर नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? तरी पदवीधरांच्या अंकात तिचं नाव ते दरवेळी घालत होते. तिचं काय झालं, आपल्या त्या पाच मिनिटांनी काय केलं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. दोडका त्यांच्या घरात तेव्हापासून येत नाही.

यंदा जेऊरच्या एका मास्तराचा अर्ज आला. पोच मीच लिहून पाकिटात घालते. मी पोचेच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ जास्तीची लिहिली, शालन नवले माहीत असल्या तर कळवा. अण्णांना विचारलं नाही. आठ दिवस मला भाकरी गोल जमेना.

पंधरवड्यानंतर, दुपारी दीडच्या सुमाराला, माझ्या दारात एक बाई उभी. काष्टा नेसलेली, हातात पिशवी, तिच्यातून केळीचा घड डोकावत होता.

"बिराजदार क्लार्क हितंच राहत्यात का?"

मी खिडकीकडे बोट केलं आणि म्हणाले, "पण बंद झाली."

"झाली का?" बाई कमरेवर हात ठेवून हसली. "मला वाटलंच. ह्या मानसाची खिडकी मला उघडी कवा घावायचीच न्हाय."

मी ओळखलं, ही शालन नवले. मी तिच्या मागोमाग गेले. तिनं फळीवर थाप मारली.

"वेळ संपली," आतून आवाज. "उद्या अकरा ते एक."

"क्लार्क, तवा गाडी केम ठेसनात थांबवली व्हती. तासभर. मी काय करणार?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी अण्णांच्या दारावर थाप मारायला निघाले. तेवढ्यात फळी वर गेली. निम्म्यात अडकली, अण्णांनी दोन्ही हातांनी ढकलली.

बाईनं वाकून आत पाहिलं. म्हणाली, "लई म्हातारे झालात की वं."

"तुमचं... शिक्षण..."

"कुटलं शिक्षण! त्याच उन्हाळ्यात लगीन लावलं बापानं. आन् गंमत बगा, दिलं कुटं, तर केमला! गाडी थांबली तितंच! दोन वर्सं तुमाला रोज शिव्या दिल्या. मग केळी लावली, शिव्या द्यायला येळच मिळंना." तिनं पिशवीतून एक कागद काढला. "हे घ्या. मास्तरकडनं फारम आनला, माज्या हातानं भरलाय."

खिडकीतून मला दिसत होतं. 'सध्या काय करता' पुढं लिहिलं होतं, केळीची बाग, दोन म्हशी, एक नवरा.

अण्णांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. सही नव्हती. मला दिसलं, त्यांनाही दिसलंच असणार. त्यांनी शिक्का घेतला, दिवस फिरवला, महिना फिरवला. मग साल फिरवायला लागले. हळूहळू, एकेक घर मागं. तिचा अर्ज बुडाला ते साल मोडीतल्या शिक्क्यात होतंच. पोचेवर शिक्का उठला तेव्हा त्यांनी काही खोडलं नाही. पेन घेऊन खाली लिहिलं, वेळ बारा पंचावन्न. अख्ख्या नोकरीत त्यांनी केलेली खोटी नोंद ती एवढीच असेल.

पोच त्यांनी खिडकीतून बाहेर सरकवली. बाईनं लांब धरून वाचली. तारीख वाचली, वेळ वाचली. तिचं हसू जरा ढळलं. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "बरं झालं, क्लार्क. आता परीक्षा कवा हाय?"

अण्णा उठले आणि दार उघडायला गेले. कडी घाईत सरकेना, बराच वेळ लागला. मी चहा ठेवायला पळाले.

ती साडेपाचच्या गाडीनं गेली. दिवेलागणीला मी बाहेर आले तर फळी अजून वरच. अण्णा आत खुर्चीवर बसलेले, समोर केळीचा घड.

"अण्णा, खिडकी लावा. डास येतील."

"असू दे, तंगी," ते म्हणाले. "अजून कुणाची गाडी लेट असली तर?"